नाव, गाव आणि बाजू

बर्नडेट सिल्वेराला राग येतो हे लोबोस गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांच्या ते सोयीचंही होतं. चर्चच्या हॉलचं छत गळायला लागलं तर फादर स्वतः बिशपना फोन करत नसत. रविवारी प्रार्थना संपल्यावर दारात उभे राहून ते बर्नडेटच्या कानावर सहज घालत, "पाणी येतंय हं आत थोडं." पुढचं आपोआप व्हायचं. आठवडाभरात बिशपांचा माणूस शिडी लावून छतावर चढलेला असायचा आणि खाली हात कमरेवर ठेवून बर्नडेट.

हा राग तिला बापाकडून मिळालेला. बाप समुद्रापलीकडच्या अझोर्स बेटांवरून या देशात आलेला, दुसऱ्यांच्या गाई पिळून पिळून स्वतःचा गोठा उभा केलेला माणूस. दूध संघाचा मापाडी मापात मारतो म्हणून एकदा त्याने अख्खा कॅन त्याच्या बुटांवर ओतला होता. लेक तेव्हा गाडीत बसून बघत होती. ती पुढे नर्स झाली, जिल्ह्याच्या इस्पितळात लागली आणि तिथेच तिचे केस पिकले. मध्ये एक सर्जन आला होता. शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाही की हातातला चिमटा नर्सच्या अंगावर भिरकावायचा. बर्नडेटने तो रक्ताचा चिमटा उचलला, सर्जनच्या नव्या कोटाच्या खिशात घातला आणि म्हणाली, "तुमचा आहे, घरी घेऊन जा." त्यानंतर त्या इस्पितळात कुणी काही फेकलं नाही. तिचा नवरा, नावाने जो, म्हणायचा, "हिच्या डोक्यावर कॉफीचं भांडं ठेवलं तर गॅसचा खर्च वाचेल." आणि म्हणताना दोन पावलं लांब सरकून म्हणायचा.

तर सांगायचं काय, बर्नडेट चिडली की काम होतं, हा तिचा जन्मभराचा अनुभव होता. ज्या माणसाला असा अनुभव येतो त्याला वाटायला लागतं, की जगाची रीतच ही. चिडा, म्हणजे होईल.

शुआ लोर तिच्याच वॉर्डात रात्रपाळीला असायची. वयाने बरीच लहान, अंगाने बारीक चणीची, आवाज असा की पेशंट झोपलेला असला तर त्याची झोप मोडू नये. तिची माणसं हमोंग, म्हणजे युद्धात परागंदा झालेले डोंगरी लोक. लहानपणी थायलंडच्या छावणीतून ती आईच्या पाठीवर बसून या देशात आलेली. त्याच इस्पितळात तिने आधी फरशा पुसल्या, मग आया झाली, मग संध्याकाळच्या कॉलेजात शिकत शिकत नर्स. आई नदीपलीकडे खंडाने घेतलेल्या पट्टीत गवती चहा, कोथिंबीर, कारली लावायची आणि शनिवारच्या बाजारात विकायची. घरातल्या सात माणसांचा दवाखान्याचा विमा शुआच्या नोकरीवर उभा होता. नोकरी गेली की विमा गेला. या देशात त्याला दुसरा अर्थ नाही.

दोघींचे वाढदिवस एकाच महिन्यातले, म्हणून वॉर्डात दोघींना मिळून एक केक यायचा. मैत्री झाली ती त्या केकवरून. आणि घोडं अडलं तेही त्या महिन्यातच, कारण या राज्यात नर्सचं लायसन्स वाढदिवसाच्या महिन्याअखेर संपतं.

पूर्वी हे काम सोपं होतं. नर्सिंग बोर्डाकडे एक जुनाट यंत्रणा होती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. चेक पाठवा, कार्ड येतं. मग राज्याला आधुनिक व्हायची हौस आली. नर्स, न्हावी, हिशेबनीस, मयताला सजवणारे, सगळ्यांची लायसन्सं एकाच कॉम्प्युटरवर आणायची ठरली आणि त्या व्यवस्थेचं नाव ठेवलं 'सनराइज'. विधिमंडळाने पैसे मंजूर केले. पुन्हा मंजूर केले. आणखी एकदा केले. वर्षं गेली, तीन संचालक बदलले, आणि उजाडायचं काही नाव नाही. शेवटी अर्धवट शिजलेलं तसंच पानात वाढलं, आणि पहिली पंगत नर्सेसची बसवली.

दोघींनी वेळेत अर्ज भरला होता. फी बँकेतून वळती झाली. 'मिळाला' असा निरोपही आला. मग पडद्यावर अर्जापुढे 'प्रक्रियेत' असं आलं आणि तिथेच बसून राहिलं. महिना संपला त्या रात्री सनराइजने दोघींच्या नावापुढे 'मुदत संपली' असं लिहून टाकलं. इस्पितळाचं यंत्र रोज रात्री राज्याची वेबसाइट तपासतं. सकाळी पाळ्यांच्या तक्त्यावरून दोन नावं गायब.

"मी तुम्हाला ओळखते," मेट्रन कॅरोलिन म्हणाली, "पण ती वेबसाइट तुम्हाला ओळखत नाही. मी तुम्हाला वॉर्डात पाऊल ठेवू दिलं तर माझं लायसन्स जाईल."

"ते तरी चालू आहे का बघून घे," बर्नडेट म्हणाली.

कॅरोलिन हसली नाही. वरून हुकूम होता: या सोमवारपर्यंत लायसन्स दिसलं नाही तर दोन्ही जागा एजन्सीच्या नर्सेसना कायमच्या द्यायच्या. खाटांवर पेशंट पडलेले, जागा रिकाम्या ठेवणार कशा?

बर्नडेटने बोर्डाला फोन लावला. संगीत लागलं. ती गॅसवर सूप ठेवून, ते ढवळून, उतरवून, जोला वाढून मोकळी झाली तरी संगीत चालूच. मग एक बाई म्हणाली, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," आणि फोन कटला. नवरा ताट घेऊन निमूटपणे अंगणात गेला.

त्याच आठवड्यात स्थानिक रेडिओवर बातमी लागली. सनराइजचा जाब विचारायला विधानसभेची समिती गुरुवारी सुनावणी घेणार, आणि समितीचे अध्यक्ष वेंडेल प्रुइट. प्रुइट म्हणजे लोबोसचेच आमदार! बर्नडेटच्या आईच्या मयताला आलेला माणूस, हॉलमध्ये उभं राहून गोड पाव खाल्लेला माणूस.

"आपण जायचं," तिने शुआला सांगितलं.

"मी काय बोलणार तिथे?"

"तू काही बोलू नकोस. मी आहे ना."

शुआ म्हणाली, "नाही, मी पण बोलेन थोडं."

गुरुवारी पहाटे धुक्यातून गाडी निघाली. दोन्ही बाजूंना बदामाच्या बागा, मध्ये ओला रस्ता. शुआने फडक्यात चिकट भात आणि भाजलेली कोंबडी आणली होती, बर्नडेटने थर्मासभर कॉफी. शुआ खिडकीकडे तोंड करून ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होती.

"मोठ्याने म्हण की," बर्नडेट म्हणाली.

"माननीय सदस्यहो, माझं नाव शुआ लोर. मी वॉर्डात फरशी पुसायची, तिथेच आता नर्स आहे. माझं लायसन्स वेळेवर..."

"फार मवाळ आहे हे. असं बोललीस तर झोपतील ते. मीच आधी बोलते, तू माझ्या मागे ये."

शुआने मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

समितीचं दालन म्हणजे काय थाट! उंच छत, अर्धवर्तुळात मांडलेल्या कातडी खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. सदस्य यायचे, फोनमध्ये बघायचे, एखादा प्रश्न विचारून उत्तर ऐकायच्या आत उठून जायचे. खाली टेबलाशी जाब द्यायला बसलेली मंडळी. हंगामी संचालक म्हणाले की आपण नुकतेच पदावर आलो, आधीचं आपल्याला माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेले होते. सनराइज बनवणाऱ्या कंपनीचा वकील म्हणाला, राज्याने मागण्या सारख्या बदलल्या. राज्याची माणसं म्हणाली, कंपनीने ऐकलं नाही. लेखापरीक्षक बाई म्हणाल्या, हे सगळं मी मागच्या सुनावणीतही सांगितलं होतं आणि त्याच्या मागच्याही. एकाने खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायचं, दुसऱ्याने ते झेलून तिसऱ्याकडे टोलवायचं, आणि हे सगळं इतक्या अदबीने, इतक्या 'आभारी आहे अध्यक्ष महोदय' म्हणत, की ऐकणाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला जावी.

पण प्रुइट चिडले. "हे अक्षम्य आहे!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "माझ्या नर्सेस घरी बसल्यात आणि तुम्ही मला तक्ते दाखवता?" कॅमेरे वळले. बर्नडेटने शुआला कोपराने ढोसलं. राग म्हटला की तिला पारख होती, आणि माणूस चांगला चिडत होता: आवाज योग्य ठिकाणी चढत होता, मान लाल होत होती. आता तो कुणाचं तरी मानगूट धरणार म्हणून ती पुढे सरकून बसली.

"तर पुढच्या अधिवेशनापर्यंत," प्रुइट म्हणाले, "मला यावर सविस्तर अहवाल हवा." आणि पाणी प्यायले.

बर्नडेट मागे टेकली. एवढंच? बापाने निदान दूध तरी ओतलं होतं.

दुपार कलली तेव्हा लोकांना बोलायची पाळी आली. रांग भिंतीकडेने लांबपर्यंत गेलेली. गणवेशातला सभागृहाचा शिपाई प्रत्येकाला हलक्या आवाजात समजावत येत होता, "नाव, गाव, आणि बाजूने की विरोधात. एवढंच बोलायचं."

"कशाच्या बाजूने?" बर्नडेटने विचारलं.

"विधेयकाच्या."

"विधेयक कुठलं आहे आज?"

"आज विधेयक नाही. आजची सुनावणी फक्त माहितीसाठी."

"मग मी विरोध कशाला करू? छताला?"

"बाईसाहेब, नेहमी असंच असतं," तो बिचारा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच काही वाईट नव्हतं. कितीतरी वर्षं तो लांबून आलेल्या माणसांना हेच सांगत असणार आणि ती माणसं ऐकत असणार. पुढे एक न्हावी माइकवर गेला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, क्षणभर थांबला आणि "बाजूने" म्हणाला. त्याच्या मागची बाई "विरोधात" म्हणाली. कारकुनाने दोन्ही टिपून घेतलं. डोंगर ओलांडून आलेली माणसं तीन शब्द बोलत होती आणि वळून पार्किंगकडे जात होती. कातडी खुर्च्यांवरच्या कुणालाही यात काही वावगं दिसत नव्हतं. लोकांचं ऐकून घेतलं, असं नोंदवहीत लिहायला ते पुरेसं होतं.

बर्नडेट माइकवर गेली.

"बर्नडेट सिल्वेरा. लोबोस. आणि मी विरोधात आहे. तुमच्या, त्यांच्या, त्या वकिलाच्या, सगळ्यांच्या. माझे पैसे घेतलेत आणि माझ्या नावावर काट मारलीत. माझ्या वॉर्डात एक म्हातारा आहे, त्याला रात्री शिरेत औषध द्यायला माणूस नाही, आणि तुम्ही इथे एकमेकांचे आभार मानताय?"

माइक बंद झाला. तिला काय त्याचं! वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पेशंटला दटावलेला आवाज होता तो. "अहवाल कसला मागता? इथे बसलेल्या एकाचा तरी पगार थांबलाय का? माझा थांबलाय. हिचा थांबलाय. तुमच्यातल्या एकाचं लायसन्स काढून घ्या, उद्या सकाळी सगळं सुरळीत होईल!"

रांगेत टाळ्या पडल्या. शिपाई पुढे सरकला, पण प्रुइटनी हात वर करून त्याला थांबवलं. ते हसत होते.

"राहू दे. या माझ्या गावच्या आहेत. या आवाजाची मला सवय आहे." सगळं दालन हसलं. "बर्नडेटबाई, आमच्या हेदरकडे तुमचा नंबर द्या. बघतोच मी."

हेदर म्हणजे प्रुइटच्या कार्यालयातली मदतनीस, तिशीची, चटपटीत. ती बाजूच्या दारातून आली, नंबर घेतला आणि फोन कानाला लावतच बाहेर गेली. तेवढ्यात सभागृहाची घंटा वाजली. सदस्यांना मतदानाला जायचं होतं. खुर्च्या सरकल्या.

शुआ माइकसमोर उभी होती. दोन्ही हात शरीराशी घट्ट धरलेले.

"माननीय सदस्यहो, माझं नाव शुआ लोर. मी वॉर्डात..."

"मुद्दा नोंदवला गेला आहे," प्रुइट कागद गोळा करत म्हणाले. "आधीच्या बाईंनी मांडलाच. आभार. पुढे?"

शुआ बाजूला झाली. मागच्यांची नावंही घाईघाईत घेतली गेली. मग हेदर परतली, अध्यक्षांच्या कानाशी लागली, आणि उभ्या उभ्याच प्रुइटनी माइक ओढला. "जाता जाता एक चांगली बातमी. आत्ता ज्या नर्सबाई बोलल्या, त्यांचं लायसन्स या क्षणी चालू झालेलं आहे. बघा, जाब विचारला की काम होतं! सुनावणी संपली."

काय टाळ्या पडल्या! हंगामी संचालकही वाजवत होते. बर्नडेटने फोन उघडला. तिच्या नावापुढे हिरव्या रंगात 'चालू' असं आलं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगायचं, क्षणभर तिला नुसता आनंद झाला. मग तिने बाजूला पाहिलं, तर शुआही टाळ्या वाजवत होती. तेव्हा बर्नडेटच्या लक्षात आलं, की बोर्डातल्या एका माणसाने एक कळ दाबली, एवढंच लागलं होतं. इतके आठवडे कुणी ती दाबली नव्हती. आणि आता ती दाबली गेल्यामुळे सुनावणी यशस्वी झाली होती, रांगेतल्या बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसून.

तिने हेदरला बाहेर गाठलं. "आता हिचं."

"हो, जरूर," हेदर म्हणाली. "राहतात कुठे?"

"नदीपलीकडे."

हेदरचा हात थांबला. "मग त्या आमच्या मतदारसंघात येत नाहीत. दुसऱ्या सदस्याच्या मतदाराचं काम आम्ही करत नाही. तसा रिवाज आहे इथे. त्यांना राग येतो."

"तिचा आमदार तर समितीवरच नाही!"

"त्यांच्या कार्यालयात अर्ज देता येईल. महिन्याभरात ते..."

"सोमवारी जागा जातेय तिची!" बर्नडेट ओरडली. जाणारी-येणारी माणसं वळून बघायला लागली. "एक नदी मध्ये आली म्हणून? आजारी पडलेला माणूस कुठल्या मतदारसंघातला हे विचारून ही इंजेक्शन देते का? हे बघ, ती माझ्याकडे राहते. लिही माझा पत्ता."

"बर्नी..." शुआ म्हणाली.

"तू गप गं. ती माझ्या घरी राहते. वरच्या खोलीत."

हेदरने दोघींकडे पाहिलं. तिला कळत होतं, आणि तिला मदतही करायची होती. अशी माणसं त्या इमारतीत असतात, ते कबूल केलं पाहिजे. "बरं," ती हळूच म्हणाली, "आधी पत्ता बदलून घेते, म्हणजे आमच्याकडे दिसतील. मग मागे लागते." शुआच्या अर्जाचा नंबर घेऊन तिने फोनवरच खटाखट काहीतरी टाइप केलं. "झालं."

परतताना बर्नडेट सगळी वाट बोलत होती. संचालकाची नक्कल केली, वकिलाची केली. वाटेत थांबून दोघींनी उरलेला भात खाल्ला. शुआ म्हणाली, "पत्ता बदलायला नको होता." बर्नडेट म्हणाली, "काही होत नाही गं, बघशील तू."

शुक्रवारी दुपारी शुआचा फोन आला. तिच्या अर्जापुढचं 'प्रक्रियेत' गेलं होतं. आता तिथे होतं 'नवा अर्ज, मिळाला.'

बर्नडेटने हेदरला फोनवर गाठलं. हेदर रडवेली झाली होती. सकाळपासून ती बोर्डाच्या मागे होती. अर्ज चालू असताना पत्ता बदलला की सनराइज जुना अर्ज आपणहून मागे घेतं आणि नवा सुरू करतं, कुणी असं का बनवलं ते कंपनीलाच ठाऊक. उलटं करता येत नाही. आणि नव्या अर्जासाठी शब्द टाकायचा तर आधी तो कुणाच्या तरी टेबलावर यावा लागतो, त्याला महिने लागतात.

"आणि जुना?"

"तो एका टेबलावर पोचला होता," हेदर म्हणाली. "त्यांनी मला सांगितलं. पुढच्या आठवड्यात कदाचित झाला असता. कदाचित. मला खरंच माहीत नव्हतं हो."

बर्नडेटने जन्मात पहिल्यांदा फोन हळूच खाली ठेवला.

तिने मेट्रनला विनवलं: आठवडा दे. कॅरोलिन म्हणाली, 'प्रक्रियेत' असतं तर मी वर भांडले असते, 'नवा अर्ज' म्हटल्यावर काय भांडू? सोमवारपासून शुआची जागा एजन्सीच्या एकीला द्यायचं ठरूनही गेलं होतं. बर्नडेटची मात्र शाबूत होती. लोबोसमध्ये तर तिची वाहवा चालली होती. चर्चच्या दारात फादरनी तिचे हात हातात घेतले. प्रुइटच्या कार्यालयाने तिचा माइकवरचा फोटो सगळीकडे टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, की जागरूक नागरिक आणि जागरूक समिती मिळून काय करू शकतात ते पाहा. ते वाचून तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण ती चिडणार कुणावर? फोटोत तोंड उघडं तिचंच होतं.

रविवारी दुपारी ती नदी ओलांडून शुआकडे गेली. शुआ अंगणात नळाखाली कोथिंबिरीच्या जुड्या धूत होती. आई ओट्यावर बसून त्या बांधत होती.

"मी उद्या प्रुइटच्या घरी जाते," बर्नडेट गाडीतून उतरता उतरताच सुरू झाली. "त्याच्या दारात बसते. रेडिओवाल्यांना बोलावते. तो फोटो त्याच्या नरड्यात कोंबते. मी त्याला..."

"नको."

"अगं, सोडायचं का त्यांना? तू काही बोलू नकोस, मीच..."

"मला बोलायचं होतं!"

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. शुआचा असा आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता, वॉर्डात तर नाहीच. शुआ उठून उभी राहिली. तिच्या कोपरांवरून पाणी गळत होतं.

"मी बोलणार होते. मी कितीतरी दिवस ठरवत होते काय बोलायचं. तू म्हणालीस मवाळ आहे. तू आधी गेलीस, आणि तू बोललीस म्हणून माझं बोलणं झालं असं त्यांनी धरलं. आणि तिथे बाहेर मी 'बर्नी' म्हटलं तर तू मला गप म्हणालीस. माझा नंबर, माझा पत्ता, माझी नोकरी, आणि मला गप!"

"मी तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणून तर मला आणखी राग येतो. मला काय राग येत नाही? मला रोज येतो. तू चिडलीस की ते हसतात, आमच्या गावची म्हणतात, आणि धावत जाऊन काम करतात. तुझ्या जागी मी ओरडले असते तर त्या शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं असतं. तू इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करतेस, तुला हे एकदाही दिसलं नाही?"

सर्जनला, बिशपला, विधिमंडळाला सुनावणारी बाई ती, पण हे तिला खरंच दिसलं नव्हतं. तिला वाटायचं शुआ स्वभावानेच शांत आहे.

आईला त्यांचं बोलणं सगळं समजलं नसावं, पण पाहुणी रिकाम्या हाताने चालली आहे एवढं तिला कळलं. तिने एका पिशवीत कोथिंबीर भरली, वर कारली घातली, गवती चहाची एक जुडी खोचली आणि पुढे केली. बर्नडेटचा हात पुढे होईना. शेवटी शुआनेच आईच्या हातून पिशवी घेतली, गाडीपर्यंत गेली, दार उघडून ती पुढच्या सीटवर नीट ठेवली, पडू नये म्हणून पट्टा लावला.

"जा आता," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "उद्या सकाळची पाळी आहे तुझी."